बाप एकच, पण तिघांना वेगळा भेटलेला

प्रश्न : मी ४३ वर्षांची, तीन भावंडांत मधली. माहेर नागपूरला, नंदनवन भागात. बाबा गिरणीत होते. खूप प्यायचे, आईला मारायचे. २००२ मध्ये गिरणी बंद झाली, त्यानंतर घरीच असायचे. आठ वर्षांपूर्वी गेले. दादा ४८ चा, मनीषनगरला राहतो. धाकटा ३६ चा, पुण्याला असतो, दोन-दोन वर्षं इकडे फिरकत नाही. आई त्याच जुन्या घरात एकटी आहे. गुडघे गेलेत, अलीकडे विसरतेही. तिचं सगळं मीच बघते. यंदा महालक्ष्म्यांना दादाकडे जमलो होतो. पाहुण्यांसमोर त्याने सुरू केलं, ‘आमचे बाबा म्हणजे देवमाणूस.’ मला राहवलं नाही, मी बोलले. तो म्हणाला, ‘तू उगाच जुनं काढून राहिली. असं काही नव्हतं आपल्या घरी.’ तेव्हापासून अबोला आहे. तो स्वतःही आता शनिवार-रविवार घेतो. घडलं ते घडलं, एवढं तरी दादाने मान्य करावं असं वाटतं. त्याला कसं पटवू? की संबंधच तोडून टाकू? फाटकाची कडी वाजली की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो.

उत्तर : दादाला कसं पटवायचं, हे विचारलंत. माझं उत्तर आहे, पटवू नका. तुमच्या घरी मारहाण होत होती, तुम्ही ती पाहिली, भोगली. ते खरं ठरायला दादाच्या सहीची गरज नाही. इतकी वर्षं भावंडांची भांडणं ऐकल्यावर मला एक गोष्ट अगदी स्पष्ट दिसते. अशा घरांतली बहुतेक माणसं सुटकेसाठी एकमेकांच्या कबुलीची वाट बघत बसतात आणि त्यातच दहा-वीस वर्षं निघून जातात. आईचं दुखणं वाढतं, घराचा प्रश्न पुढे येतो, आणि तिघांतलं बोलणं मात्र ‘बाबा कसे होते’ याच दारात अडलेलं असतं.

तुम्ही दिलेल्या वयांवरून थोडा हिशेब करू. गिरणी बंद झाली तेव्हा दादा २५ चा होता, तुम्ही २० च्या, धाकटा १३ चा. म्हणजे दादाच्या लहानपणीचे बाबा कमावते होते. महिन्याच्या महिन्याला पगार आणणारे, पोळ्याला नवे कपडे घेणारे, कदाचित सायकलच्या दांडीवर बसवून फुटाळा तलावावर नेणारे. पीत तेव्हाही असतील, पण कामावर जाण्याइतकं भान राखून. तुम्ही कळत्या झालात तोवर दारू वाढली होती, आणि मुलगी म्हणून संध्याकाळी तुम्ही घरातच, आईच्या आसपास. दादा मैदानावर, मित्रांकडे, मग कॉलेजात. संध्याकाळी सात ते रात्री अकरा ही वेळ त्याने किती पाहिली आणि तुम्ही किती, याचा विचार करा. धाकट्याच्या वाट्याला आले ते दिवसभर घरात बसलेले, आजारी, चिडके बाबा. तुमचं लग्न झालं, दादा कामाला लागला, आणि त्या घरात आई, बाबा आणि तो एवढेच उरले. त्याची ती वर्षं कशी गेली असतील, हे तुम्हा दोघांपैकी कुणी त्याला विचारलंय का, ते तुमच्या पत्रावरून कळत नाही.

नागपुरात हे वारंवार दिसतं. एम्प्रेस मिल १८७७ पासूनची. ती २००२ मध्ये कायमची बंद झाली. गिरण्या बंद पडल्यावर घरी बसलेल्या बापांची मुलं आज तुमच्या वयाची आहेत. गिरणी बंद पडली म्हणून कुणी बायकोवर हात टाकत नाही. तुमचे बाबा त्याच्या कितीतरी आधीपासून मारत होते. पण एकाच माणसाची वेगवेगळ्या काळातली रूपं वेगवेगळ्या मुलांच्या वाट्याला आली, हे समजायला हा सन उपयोगी पडतो.

एका घरात वाढलेली भावंडं एकाच वातावरणात वाढतात हा समज संशोधनानेही मोडून काढला आहे. ब्रिटनच्या ज्युडी डन आणि अमेरिकेचे रॉबर्ट प्लोमिन यांनी १९८० च्या दशकापासून यावर भरपूर काम केलं. जन्मक्रम, मुलगा की मुलगी, आईबापांची त्या त्या वेळची परिस्थिती, कोणावर कोणाची मर्जी, या सगळ्यामुळे प्रत्येक मुलाला मिळणारं घर निराळं असतं. आठवणींचं तर आणखीच अवघड. न्यूझीलंडमध्ये २००१ च्या सुमारास काही संशोधकांनी जुळ्या भावंडांच्या आठवणी तपासल्या. ‘हे माझ्यासोबत घडलं’ असं एकाच प्रसंगाबद्दल दोघंही ठामपणे सांगत होते. दोघांतलं कोणीही खोटं बोलत नव्हतं. जुळ्यांचं असं होतं, तर पाच आणि सात वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या तुम्हा तिघांचं एकमत व्हावं ही अपेक्षाच जास्तीची आहे.

आता दादा असं का बोलतो ते पाहू. बाबांना अग्नी त्याने दिला असणार. दरवर्षी श्राद्धाला पिंड तोच ठेवतो. ज्या बापाला आपण हात जोडून जेवू घालतो, तो मारकुटा होता हे मनात घेऊन ते करणं सोपं नसतं. थोरल्या मुलाला अनेकदा एक चांगला बाप घडवून घ्यावा लागतो, नाहीतर त्याचे ते सगळे विधी त्याच्या घशाशी येतात. शिवाय समोर पाहुणे होते, बायकोकडची मंडळी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपल्याकडच्या थोरल्या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. तिसरं कारण तुम्हाला कदाचित आवडणार नाही. दहा-बारा वर्षांचा दादा आईला वाचवायला मध्ये पडला नसेल, किंवा पडला असेल आणि मार खाऊन बाजूला झाला असेल. मोठा असून मी काही केलं नाही, ही खंत मनात असलेल्या माणसाला ‘असं काही नव्हतंच’ म्हणणं फार सोयीचं पडतं. मी त्याला भेटलेले नाही, त्यामुळे यातलं नेमकं काय आहे हे सांगू शकत नाही. पण नाकारणारा भाऊ निर्दयच असतो असं मानू नका.

आणि तुम्ही? तुम्ही त्या घरात आईची सखी होतात. रात्री मार खाल्लेल्या आईने सकाळी पोळ्या लाटताना मन मोकळं केलं असेल ते तुमच्याजवळ. आठ-दहा वर्षांची मुलगी आईची समजूत काढते, धाकट्याला खोलीत नेऊन दार लावते, बाबा यायच्या आधी त्यांचं ताट काढून ठेवते. मुलाने आईबापांचे आईबाप होणं, असं याला आमच्या क्षेत्रात म्हणतात. इव्हान बोझोर्मेनी-नाज या हंगेरियन-अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने यावर बरंच लिहिलं आहे. मला रोज समोर दिसते ती गोष्ट अशी : अशी मुलं मोठेपणी कामाला हात घालतात तेव्हा मदत मागत नाहीत, कारण मागून मिळते हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. ‘आईचं सगळं मीच बघते’ या तुमच्या वाक्यात दादाचा आळस आहे, धाकट्याचं पळणं आहे, आणि त्या लहान मुलीची सवयही आहे. पहिल्या दोघांवर तुमचा ताबा नाही. तिसऱ्यावर आहे.

अशा घरात आणखी एक जागा ठरलेली असते. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबत नावाच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते. इडा, पीडा, रोगराई सगळी तिच्यावर घालायची आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत तिला गावाबाहेर नेऊन जाळायची. बिघडलेली घरंही एका माणसाला मारबत करतात. जो बोलतो त्याला. दारू बापाची, मार बापाचा, पण घराची शांतता भंग केली ती तुम्ही, असं महालक्ष्म्यांनंतर ठरलं असणार. नातेवाईकांत ‘तिचा स्वभावच तसा’ हे वाक्य फिरतही असेल. ते तुमच्याबद्दलचं सत्य नाही. घराला स्वतःकडे बघायचं नसतं, म्हणून ते कुणातरी एकाकडे बोट दाखवतं. मात्र बोलण्याची जागा तुम्ही चुकीची निवडलीत, हे स्पष्ट सांगते. सोळा भाज्या, आंबील, पंगतीला बसलेले पाहुणे आणि पदर खोचून वाढणारी वहिनी, अशा वेळी कुठलाही भाऊ ऐकून घेणार नाही.

कडीबद्दल. फाटक वाजलं, सायकल स्टँडला लावल्याचा आवाज आला, की आज किती घेतलीय याचा अंदाज तुम्ही त्या आवाजावरून बांधत असाल. माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी हेच सांगतात : पावलं, चपला काढण्याची पद्धत, खोकला. शरीराने ते शिकून घेतलं, कारण त्याने तुमचा बचाव होत होता. बाबा गेले हे तुम्हाला माहीत आहे, शरीराला तेवढंसं कळलेलं नाही. यात मनाचा कमकुवतपणा मुळीच नाही. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १७ हजारांहून अधिक प्रौढांच्या बालपणाचा आणि आजारांचा अभ्यास केला. त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये आले. घरात दारुडं माणूस असणं आणि आईला मार खाताना पाहणं, या दोन्ही गोष्टी त्यांनी मुलावरचे आघात म्हणून स्वतंत्र मोजल्या होत्या. असे चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न सोसलेल्यांपेक्षा ४ ते १२ पट आढळला. हे आकडे मोठ्या समूहाचे आहेत, त्यावरून तुमचं भविष्य वाचू नका. मी ते सांगते आहे ते वेगळ्या कारणाने. ‘बाबांनी मला तर कधी हात लावला नाही, मग मी कशाला रडू’ असं तुम्ही मनात म्हणत असाल, तर ते थांबवा. पाहणाऱ्या मुलालाही लागतं.

दादाच्या शनिवार-रविवारबद्दल एवढंच, की ‘तू पण बाबांसारखाच झालास’ हे वाक्य काहीही झालं तरी तोंडातून काढू नका. दारूच्या व्यसनाच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिक असतो, असं जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं. उरलेला निम्मा वाटा घर, मित्र, ताण आणि माणसाचे स्वतःचे निर्णय यांचा. त्याची भीती त्यालाही असणारच. काळजी वाटली तर वहिनीशी एकटीने बोला, तेही दोष न देता. व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ ही चळवळ १९५१ पासून आहे, भारतातही तिचे गट आहेत. बाप जाऊन वर्षं झाली तरी त्याची मुलं तिथे येऊन बसतात.

आता ज्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, ते. आईचा राग येतो का? बापाचा राग करणं सोपं असतं, सगळं जग सोबत असतं. ज्या आईने मार खाल्ला, जिची औषधं तुम्ही आणता, तिच्यावर ‘तू आम्हाला घेऊन निघून का नाही गेलीस’ असं ओरडावंसं वाटणं फार जड जातं. मग तो राग दादाच्या डोक्यावर फुटतो. तुमच्या बाबतीत असंच असेल असं नाही, पण स्वतःशी तपासून बघा. तपासताना हेही लक्षात असू द्या, की घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ चा आहे आणि तो लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क शाबूत ठेवून त्याला मारण्यापासून रोखणारा आदेश मिळण्याची सोय त्याने आली. त्याआधी आईपुढे होतं ते दंड संहितेच्या कलम ४९८अ (नवऱ्याकडून होणारा छळ) खाली पोलीस ठाणं, नाहीतर माहेर. आणि माहेरच्यांनी काय सांगितलं असेल, ते तुम्हीच जास्त जाणता. हे कळलं म्हणून राग जायलाच हवा असं काही नाही. राग आणि माया दोन्ही एका घरात राहू शकतात.

आईला बहुधा आणखी एक सवय लागलेली असेल. तुमच्याजवळ ‘दादा फोनसुद्धा करत नाही’ आणि दादाजवळ ‘ती मला टोचून बोलते’. धाकट्याला फोनवर दोघांचं गाऱ्हाणं. अमेरिकेचे मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी कुटुंबांतल्या अशा त्रिकोणांचा अभ्यास केला. दोघांमधला ताण सहन होईना की तिसऱ्याला ओढायचं. आईने आयुष्यभर तेच केलं, कारण बाबांशी थेट बोलण्याची सोयच नव्हती. तिला आता बदलायला जाऊ नका. तुम्ही फक्त एवढं करा : आईने दादाबद्दल सांगितलेलं दादापर्यंत नेऊ नका, त्यावर मत देऊ नका. ‘आई, हे तू त्यालाच सांग ना’ म्हणा आणि चहा टाका. सुरुवातीला ती रुसेल.

दादाशी काय बोलायचं, ते मी शब्दांतच देते. फोन करू नका, प्रत्यक्ष भेटा, फक्त तुम्ही दोघं, आणि अर्धा तासच. ‘दादा, महालक्ष्म्यांना मी सगळ्यांसमोर बोलले, ती जागा नव्हती. बाबा तुला जसे होते तसे तुझ्याजवळ राहू दे. मला ते जसे होते तसे माझ्याजवळ आहेत. त्यावर मी आता भांडणार नाही, पण असं काही नव्हतं हे तू मला म्हणू नको. मी आईच्या गुडघ्यांचं बोलायला आली आहे.’ आणि खरोखर गुडघ्यांवर या. तो पुन्हा ‘तू जुनं काढून राहिली’ वर गेला, तर ‘मी नाही काढत आहे, बुधवारी डॉक्टरकडे तू येतोस का ते सांग’ एवढंच म्हणा. पहिल्या वेळी कदाचित काहीच होणार नाही. अशा कुटुंबांत मी जे काही सुधारताना पाहिलं, ते बहुतेक वेळा आधी कामावरून सुधारलं. जुन्या गोष्टी निघाल्या त्या नंतर, कधी दवाखान्याच्या बाकावर, कधी मुळीच नाही.

कामाची वाटणी कागदावर करा. आईला विसरायला होतं आहे, तर आधी तिची नीट तपासणी करून घ्या. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही म्हातारपणी विसरणं वाढतं आणि त्यावर उपचार असतात. डॉक्टरकडे कोण नेणार, दिवसभराच्या बाईचा पगार कोण देणार, बँक आणि घरटॅक्स कोण बघणार, हे तिघांत लिहून घ्या. धाकटा येत नाही, पण पैसे पाठवू शकतो. तसं त्याला स्पष्ट विचारा, अंदाजावर सोडू नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा-मुलगी सगळ्यांवर सारखी आहे. तो कायदा भावांना धमकावण्यासाठी वापरू नका, पण सगळं एकट्या मुलीने का करायचं, या प्रश्नाला तो आधार नक्की आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर तिघांचा एक वेगळा गट करा. त्यात फक्त तारखा, रिपोर्ट आणि खर्च. सुप्रभात नाही, टोमणे नाहीत, बाबांचे फोटो नाहीत.

घराचं बोलणं या सगळ्यापासून लांब ठेवा. घर बाबांच्या स्वतःच्या कमाईचं असेल, त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि आजी (बाबांची आई) आधीच गेली असेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई आणि तुम्ही तिघं, प्रत्येकाचा चौथा हिस्सा. हक्कसोडपत्र नोंदवलं की ते सहजी मागे घेता येत नाही. राखीच्या दिवशी भावनेच्या भरात सही करू नका, आणि रागाच्या भरात हिस्सा मागायलाही जाऊ नका. आधी स्वतःचा वकील गाठा. बालपणी जे गेलं त्याची भरपाई चौथ्या हिश्श्यातून होत नाही, पण तो हिस्सा सोडून देण्याने मायाही मिळत नाही.

धाकट्याला मी पळपुटा म्हणणार नाही. बोवेन यांनी अशा तुटण्यालाही नाव दिलं आहे. अंतर वाढवलं तरी आतली ओढ आणि राग तसेच राहतात, असं त्यांचं म्हणणं. पण त्या घरात एकटा उरलेल्या मुलाने लांब जाऊन श्वास घेतला असेल, तर तो त्याचा हक्क आहे. त्याला ‘तू येत नाहीस’ ने सुरू होणारा मेसेज पाठवू नका. ‘माझं लग्न झाल्यावर तू तिथे एकटा होतास, हे माझ्या मनात आहे. बोलावंसं वाटलं तर मी आहे. नाही वाटलं तरी चालेल,’ एवढं लिहा आणि उत्तराची वाट बघू नका.

संबंध तोडण्याबद्दल. दादा दारूच्या नशेत अंगावर येत असेल, धमक्या देत असेल, किंवा लहानपणी घरातल्या कुणी शरीराशी चाळे केले असतील आणि तेच माणूस आजही समोर बसवलं जात असेल, तर लांब राहा, कुणाला कारण देत बसू नका. तुम्ही लिहिलंय त्यात मला असं काही दिसत नाही. दिसतो तो नाकारणारा, हट्टी भाऊ. त्याच्याशी मोजकं नातं ठेवता येतं. सणाला जा, दोन तास बसा, निघून या. रात्री मुक्काम करू नका.

आणि तुमच्या कडीच्या आवाजासाठी मदत घ्या. ही गोष्ट भावांच्या वागण्यावर टांगून ठेवू नका. खासगी समुपदेशक परवडत नसेल, तर मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. तिथे गेलं म्हणजे पागलखाना चौकापर्यंत मजल गेली, असं काही नसतं. झोप उडाली, जीव नकोसा वाटला, तर १४४१६ वर ‘टेली-मानस’ला फोन करा. ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, दिवसरात्र, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. पहिल्या भेटीला एकट्याच जा, दादाला किंवा आईला सोबत ओढू नका. छातीत धडधड, झोप, दचकणं, पोटातला गोळा हे कधी कधी होतं ते आठवडाभर वहीत टिपून ठेवा आणि ती वही घेऊन जा. बाबांची सगळी गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायची गरज नाही. वहीपासून सुरुवात केली तरी डॉक्टरांना पुढचं विचारता येतं.